गयामायने केलेला बुद्ध

गयाबाईला कोणी विचारलं नसतं, तर तिनेही सांगितलं नसतं. विचारलं तेव्हा मात्र खोटं बोलावं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

इंद्रवेल्लीला गोंडांच्या सभेवर गोळीबार झाला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मावला गावच्या विहारात कार्यक्रम होता आणि आदिलाबादहून पाहुणे आले होते. त्यांतल्या एका बाईंनी मूर्तीच्या गुडघ्यावर हात ठेवून कौतुकाने विचारलं, "किती शांत चेहरा आहे. कशाची केली हो?"

बायकांनी गयाबाईला पुढे ढकललं. तिने पदर सावरला.

"काळी माती हाये, वरून पांढऱ्या मातीचा हात हाये. मंधात कुटार अन् शेण. शेणाबिगर माती धरत नाही बाई, तडकते."

बाई हसल्या, पण गुडघ्यावरचा हात त्यांनी काढून घेतला आणि थोड्या वेळाने रुमालाला पुसला. मागे नागनाथ उभा होता, तहसीलमध्ये नुकताच कारकून लागलेला. तो शेजाऱ्याच्या कानाशी लागून म्हणाला, "म्हंजे इतके साल आपण गोवरीले हात जोडून राह्यलो!"

पोरं हसली. गयाबाईला ते ऐकू गेलं.

मावल्यातल्या निम्म्या भिंती तिच्या हातच्या होत्या. घर कोणाचंही असो, माती तुडवायला आणि भिंत सारवायला गयाबाईलाच बोलावणं यायचं. सवर्णांकडे उंबऱ्याच्या आत तिला येऊ देत नसत. बाहेरची भिंत मात्र तिने हात फिरवल्यावर अशी उतरायची की येणारा-जाणारा बोट लावून पाही. भिवाजी, तिचा नवरा, दीक्षेनंतर थोड्याच वर्षांत तापाने गेला. पोटी मूल नव्हतं. देव त्यांनी आधीच घराबाहेर काढले होते, त्यामुळे देवळीही रिकामी. दिवेलागणीला दिवा कुठे ठेवावा हे तिला सुचेना.

विहार तेव्हा नुसती टिनाची खोली होती आणि आत एक ओटा. तसबीर आणायची बोलणी कधीची चालू होती. एक दिवस ती म्हणाली, "मी करू का?" कोणी नको म्हटलं नाही, कारण हिला जमेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. तिने बुद्ध पाहिला होता तो एका दुकानातल्या कॅलेंडरवर, तोही एका बाजूने. दुसरी बाजू तिने मनाने केली. निव्वळ मातीचा पहिला चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत फाटला. मग तिने भिंतीला घालते तेच घातलं, भुसा आणि शेण. बांबू, गवताचा दोर, डोक्याच्या जागी उपडं मडकं, आणि त्यावर थरावर थर. तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर ती ओल धरलेलं बोट नीट करी, गाल सारखा करी. माणसाच्या अंगावरून फिरवावा तसा तिचा हात त्याच्यावरून फिरे.

कार्यक्रमानंतर चार दिवसांनी विहार कमिटीचे केशवराव गुरुजी तिच्या दारात येऊन बसले. नागनाथ सोबत होता. गुरुजी तिच्या डोळ्यांसमोर वाढलेले. तिने चहा करून दिला.

"गयामाय, तुमाले कोणी दोष देऊन नाही राह्यलं," ते म्हणाले. "पण आपण ढोरं ओढनं सोडलं, दुसऱ्याचं शेण काढनं सोडलं. बाहेरचे लोक हसतात. वर्गणी झाली हाये. बुद्धपौर्णिमेले नागपूरहून संगमरवराची मूर्ती येते."

"येऊ द्या ना. चांगलंच हाये." ती थांबली. "अन् हा?"

"तेच विचाराले आलो. तळ्यात सोडता येत नाही. शिरवनं-गिरवनं आपल्यात नाही, ते मागंच सोडलं."

"मंग मले द्या."

"न्या की."

"नेऊ कसा, बापू? तो बसल्या जागी केला. ओटा अन् त्याची बैठक एकच हाये. उचलला का मान तुटते."

नागनाथ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. गुरुजींनी चहाची बशी खाली ठेवली.

"एका कोपऱ्यात राहू द्या," ती म्हणाली. "म्होरं पडदा लावा. मी कोनाले दाखवनार नाही. पडदा मीच शिवतो."

"ओटा एकच हाये, माय. तिथंच नवी बसवा लागते."

"आठ दिवस द्या मंग. बिनशेणाचा करून देतो. असाच, पण उचलता येईन असा."

गुरुजींना नाही म्हणवलं नाही.

तिने अंगणात माती भिजवली. शेणाऐवजी पिंजलेला कापूस घातला आणि चेहरा उभा केला. उन्हात तो डोळ्याच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत तडकला. दुसरा तिने सावलीत, ओल्या गोणपाटाखाली वाळवला, त्यात तागाचे तंतू आणि धावड्याचा डिंक घातला. त्याला मानेला भेग गेली. रोजगार बुडाला, चूल एकवेळची झाली, बोटांची कातडी सोलली. तिसऱ्याला फक्त केसासारखी रेघ गेली, पण तो दुसराच कोणी होता. डोळे मिटलेले होते, तरी तो तिच्याकडे पाहत नव्हता. पहिला मिटल्या डोळ्यांनीही पाहायचा.

शेजारची चंपाबाई कुडावरून बघत होती. "गयाबाय, चिमूटभर टाकून दे ना शेण गुपचूप. कोन चाखून पाहनार हाये?"

"मले ठाऊक राहीन ना वो."

"तुले ठाऊक राहून काय होते? तू का कमिटीत हायेस?"

गयाबाई हसली. संध्याकाळी तिने तिन्ही चेहरे मोडून पुन्हा चिखल केला.

मुदत संपली, आणि पौर्णिमेच्या पाच दिवस आधी सकाळी माणसं लोखंडी सब्बल घेऊन विहारात आली, तेव्हा ती आधीच ओट्यावर बसलेली होती. पुढ्यात पाण्याची बादली आणि पोतेरं.

"सब्बल बाहेर ठेवा," ती म्हणाली. "मी उतरवतो."

"माय, तुमच्यानं होईन का?" गुरुजींनी विचारलं.

"दुसऱ्या कोनाच्यानं होनार नाही."

तिने पाठीकडून सुरुवात केली. पोतेऱ्याने भिजवायचं, माती मऊ झाली की ओंजळीने काढायची. पाठ गेली, खांदे गेले, मांडीवरचे हात गेले. पुरुष दाराबाहेर उभे होते. कोणी बिडी पेटवली नाही. चेहरा तिने शेवटी ठेवला. ओलं फडकं तिने गालांवरून फिरवलं, जसं भिवाजीच्या तापात फिरवलं होतं. नाक तिच्या तळव्यात आलं आणि क्षणभर तिथे नाकासारखंच राहिलं. मग बोटांनी ते मिटवलं. ती बोटं आपलीच, हे तिला पटेना. ती रडली नाही. फक्त "झालं" म्हणाली, आणि ते तिलाच खोटं वाटलं.

टोपली नागनाथने उचलली. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर ओघळ आले, तरी तो खेपा घालत राहिला. तिच्या अंगणात शेवटचं टोपलं रिकामं करताना तो म्हणाला, "मावशे, त्या दिवशी मी..."

"जाऊ दे बापा. हात धू."

आता अंगणात तो ढीग होता आणि त्याचं काय करायचं हे कोणीच तिला सांगितलं नव्हतं. शेतात टाकला तर नांगर फिरेल, रस्त्यावर टाकला तर पाय पडतील. भिंतीला लावणं हातून होईना. पुन्हा मूर्ती करायला चेहरा आठवायला हवा होता, आणि डोळे मिटले की तिला ते तीन तडकलेले दिसत. तिने ढिगावर गोणपाट टाकलं आणि पाणी शिंपडलं.

वैशाखाचे दिवस. बोअरिंगच्या दांड्याला दोन माणसं लोंबकळली तरी धार करंगळीएवढी. घराला दिवसाला पाण्याची एकच गुंडी, त्यावरून भांडणं. गयाबाईची अर्धी गुंडी मातीत जाऊ लागली.

"काय करतं याचं?" चंपाबाईने विचारलं.

"काईच नाही."

"मंग पानी काऊन घालून राह्यली?"

"वाळला त मातीचा ढीग होते, चंपा. कोंबड्या उकरतीन. ओला हाये तोवर..." पुढचं तिला सांगता आलं नाही.

पौर्णिमेला तीही पांढरं लुगडं नेसून विहारात गेली. सगळ्यांच्या मागे बसली, वंदना म्हटली. नवी मूर्ती सुंदर होती. तिलाही सुंदर वाटली. तिथून पुढे तिला बसवेना. खीर न घेताच ती उन्हातून घरी आली.

गोणपाट कडांनी पांढरं पडलं होतं. खाली हात घातला तर वरचा थर बोटांना खरखरीत लागला. घशाला कोरड पडलेली. गुंडीच्या बुडाशी पेलाभर पाणी होतं आणि बोअरिंगवर पाळी यायची ती उद्या. तिने गुंडी उचलली, ओठांपर्यंत नेली, आणि सगळं पाणी गोणपाटावर ओतलं.