शिमल्याच्या गाडीवरून आलेला फोन

हे लिहू की नको, यातच सगळा उन्हाळा गेला. मी कॉलेजात क्लार्क आहे, वय एकोणपन्नास. अमावस्या, अंगात येणं, बाधा... यातलं काही मी कधी मानलं नाही आणि आजही मानत नाही. असे अनुभव वाचताना ‘बिचाऱ्याची झोप झाली नसेल’ म्हणून पुढं जाणारा मी माणूस. तुम्हीही तसंच म्हणालात तर मला राग येणार नाही. कारण झोप खरंच झाली नव्हती. पण तो फोन आला होता हे नक्की, मोबाइलमध्ये नोंद आहे. असो. पहिल्यापासून सांगतो.

आम्ही धाराशिवजवळच्या तेरचे. घरात मी आणि आई, दोघंच. माझं लग्न राहून गेलं, ताई पुण्याला असते. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती. तीस वर्षं पोरांना नकाशावर पट्टी ठेवून हिमालय दाखवला, आणि स्वतः बघितलेला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे तुळजापूरचा घाट, तोही एसटीच्या खिडकीतून. तिला बर्फ बघायचा होता. रेल्वेनंच जायचं, विमान नको, अशी अट. दोन वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं. सोलापूरहून दिल्ली, दिल्लीहून कालका, तिथं मुक्काम. पहाटेची छोटी गाडी पकडून शिमला, दिवसभर वर फिरायचं आणि त्याच दिवशी खाली परत. ‘वर मुक्काम नको, मला थंडी सोसायची न्हाई,’ असं तीच म्हणाली. रिझर्वेशन झालं.

जायच्या तीन आठवडे आधी ती न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. हृदय कमजोर, भूल देणं धोक्याचं, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन केलं नाही. तेव्हापासून ती पलंगावर.

ज्यांनी हे केलंय त्यांना सांगायला नको. कूस बदलायची, डायपर, पावडर, पाठीला जखम झाली का बघायचं. रात्री दर दोन-तीन तासांनी उठायचं, सकाळी कॉलेज. मी नसताना शेजारच्या सुमनकाकू येऊन बसायच्या. हे सगळं मी केलं, त्यात उपकार काही नाहीत. पण मी दमलो होतो. बसल्या जागी डोळे मिटायचे.

आणि आई रोज ट्रिपचं प्लॅनिंग करायची.

तिकिटं रद्द करून वर्ष उलटलं तरी रोज दुपारी तेच. ‘बापू, बघ रे मोबाइलमध्ये, पहाटेची गाडी चुकली तर दुसरी किती वाजता?’ ‘उजवीकडं बसायचं का डावीकडं? दरी कुठल्या बाजूला दिसती?’ ‘शिमल्यात त्या जाखूच्या डोंगरावर रोपवेच्या पाळण्यातून जायचं का चालत?’ मी शोधून सांगायचो, ती डोळे मिटून ऐकायची. सुरुवातीला मलाही बरं वाटायचं. पण रोज? रोज तेच?

या जानेवारीत एका दुपारी मी तिचं अंथरूण बदलत होतो. दुसऱ्यांदा. ती म्हणाली, ‘बापू, तिथं वर चढायला घोडं मिळतं का?’

मी चादर तशीच खाली टाकली. ‘आई, तू जाणार न्हाईस आता. कधीच न्हाई. कशाला रोज तेच तेच करतीस?’

मला लगेच वाईट वाटलं, पण माफी मागायलाही अंगात जोर लागतो... तो नव्हता. दोन दिवस ती शिमल्याचं एक अक्षर बोलली नाही. मी विचारलं तेवढ्याला व्हय-न्हाई.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी अर्धी रजा टाकली आणि तिची औषधं आणायला धाराशिवला गेलो. सुमनकाकू घरी बसल्या होत्या. औषधं घेतली, परतीची एसटी धरली. गाडी अर्धी रिकामी होती. मी खिडकीशी डोकं टेकवलं आणि फोन वाजला. साडेतीन वाजले होते. अनोळखी नंबर, खाली हिमाचल प्रदेश.

‘भाईसाहब, आप बापू बोल रहे हैं?’

बापू मला फक्त आई म्हणायची. कागदोपत्री नाव वेगळंच आहे.

‘कौन?’

‘मेरी यहाँ स्टेशन पर चाय की दुकान है. आपकी माताजी यहाँ बेंच पर बैठी हैं. नंबर उन्होंने ही दिया, ज़बानी. अकेली हैं, पैर में चप्पल भी नहीं है. यहाँ बहुत ठंड है, भाईसाहब.’

फ्रॉड. हल्ली कसले कसले फोन येतात, आपण वाचतोच. मी म्हणालो, ‘मेरी माँ घर में है, बिस्तर पर,’ आणि कट केला.

दोन मिनिटांत पुन्हा तोच नंबर. मी चार शब्द सुनावायच्या तयारीनं उचलला. तो अजिबात चिडला नव्हता. म्हणाला, ‘हरी साड़ी है, भूरा स्वेटर, एक बाँह से ऊन निकली हुई है. लीजिए, बात कीजिए.’

आईच्या स्वेटरची उजवी बाही उसवली होती. सकाळी घालताना मीच म्हणालो होतो, काकूंना टाका घालायला सांगतो.

‘बापू?’

आईचा आवाज. पलंगावरचा बारीक झालेला नव्हे... वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो.

‘मी हाय रे. रागावू नको. बघून आले सगळं. आता परतीची गाडी येईलच.’

‘आई, तू... कुठं आहेस?’

‘खाली उतरताना थांबती बघ गाडी, त्या स्टेशनावर. ह्या माणसानं शाल दिली, च्या दिला. लई भला माणूस हाय. तू औषधं घेतलीस का? मग जा घरी गुमान.’

मागं शिट्टी ऐकू आली, पातळ, लांबून आल्यासारखी. फोन बंद झाला.

मी जागेवर उभा राहून काकूंचा नंबर लावत होतो, लागेना. कंडक्टर मागं येऊन ‘काय झालं साहेब?’ म्हणून विचारून गेला. शेवटी लागला.

‘काकू, आई कुठंय?’

‘कुठं असणार? ही काय, झोपलीया. जेवल्यापासनं हललीच न्हाई.’

‘उठवा तिला.’

‘आत्ता?’

‘उठवा काकू!’

फोनवर मला त्यांच्या हाका ऐकू येत होत्या. ‘बाई... ओ बाई...’ बराच वेळ. मग त्या फोनवर आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदललेला. ‘श्वास चालू हाय. पण उठंना. आन् पाय... पाय लई गार हायती रं. बर्फावानी. तू ये लवकर.’

स्टँडपासून घरापर्यंत मी पळत आलो. आई पलंगावर होती. हिरवी साडी, तपकिरी स्वेटर, दोन गोधड्या. बाहेर ऊन होतं, आमच्याकडं जानेवारीतही दुपारी पंखा लागतो. मी गोधडीत हात घातला. तळपाय मी आयुष्यात हात लावलेल्या कुठल्याही वस्तूपेक्षा गार होते. डॉक्टरांना फोन केला, ते संध्याकाळी येतो म्हणाले; तोवर मी पाय मांडीवर घेऊन चोळत बसलो. काकू दुसऱ्या बाजूला, तोंडी देवीचं नाव.

तास-दीड तासानं तिनं डोळे उघडले. काकू म्हणाल्या, ‘च्या करते, गरम गरम घ्या जरा.’

‘नको,’ आई म्हणाली. ‘आत्ताच झाला.’

काकूंनी माझ्याकडं बघितलं. त्यांना मी फोनचं अजून काहीच सांगितलं नव्हतं.

काकू गेल्यावर मी विचारलं, ‘आई, कुठं गेली होतीस?’

ती छताकडं बघत होती. ‘चढ लई हाय रे तिथं,’ ती म्हणाली. ‘तुला नसता झेपला. तू दमलायस.’ मग डोळे मिटून, ‘पण बरं केलं गेले ते.’

मी तिची कूस बदलली, गोधडी पायांवर नीट ओढली. कसं विचारतात असलं?

त्या दिवसानंतर तिनं एकदाही गाडीची वेळ विचारली नाही. मीच एकदा विषय काढला, तर म्हणाली, ‘झालं की बघून.’ होळीच्या आधी ती गेली. सकाळी, झोपेत, त्रास न होता.

ताईला मी सगळं सांगितलं. तिचं म्हणणं, हल्ली कॉम्प्युटरवर कुणाचाही आवाज बनवता येतो. येत असेल. पण आवाज बनवणाऱ्यानं माझ्याकडं काहीच कसं मागितलं नाही? आणि उसवलेली बाही? नंबर तोंडपाठ सांगणं मात्र आईचंच, तिला सगळ्यांचे नंबर पाठ असत. गार पायांचं डॉक्टर म्हणाले, हृदय अशक्त असलं की रक्त पायापर्यंत पोचत नाही. तेही खरं असेल. एकेका गोष्टीला उत्तर आहे. सगळ्या मिळून एका गोष्टीला नाही... निदान माझ्याकडं तरी नाही, आणि शोधायचा उत्साहही उरलेला नाही.

एक केलं. तेराव्यानंतर त्या नंबरवर फोन लावला. लागणार नाही अशी खात्री होती. दुसऱ्या रिंगला उचलला. मागं माणसांचा गलका, कपांचा आवाज. मी म्हणालो, जानेवारीत तुमचा फोन आला होता, माझी आई...

‘अरे हाँ, बापू भाई! माताजी!’ तो एकदम म्हणाला. ‘मैंने खुद हाथ पकड़कर गाड़ी में बिठाया था. शाल दी थी, जाते वक़्त लौटा दी. कहने लगीं, हमारे यहाँ तो धूप होगी.’

मला विचारायचं खूप होतं. तुम्ही खरंच बघितलं का, हात कसा होता, गरम होता का...

‘ठीक से पहुँच गई थीं ना?’ त्यानं विचारलं. मनापासून विचारत होता. ‘मुझे चिंता लगी रही. अब कैसी हैं?’

मी पलंगाकडं बघितलं. गादी काढून उन्हात टाकली होती, नुसत्या फळ्या होत्या.

‘अच्छी हैं,’ मी म्हणालो. ‘उस दिन ठीक से घर पहुँच गईं.’