वरातीचा ड्रम, शाळेचा ड्रम

आमच्या ह्यांचं नाव सुरेश. जालन्याच्या एका बँड पथकात त्यांनी अडतीस वर्षं साइड ड्रम वाजवला, आणि सिंगापुरात आल्यावर त्यातल्या एकाही वर्षाबद्दल बोलायचं नाही असं ठरलं. ठरवलं आमच्या उज्ज्वलने. तो इथे संशोधन करतो. कशाचं ते त्याने मला तीनदा समजावून सांगितलं आणि मी तिन्ही वेळा मान हलवली.

त्याचं कारण जुनं होतं. तो सातवीत असताना वर्गातल्या एका मुलाच्या भावाची वरात निघाली, आणि वाजवायला हे होते. त्या मुलाने दहाची नोट पुढे धरली, ह्यांनी ती ओठांनी ओढून घेतली. हे म्हणतात, त्यात काय, हात ड्रमवर असतात, मग नोट घ्यायची कशाने? शिवाय दात न लावता आणि ताल न सोडता नोट घेणारा आमच्या भागात दुसरा कोणी नव्हता. पण उज्ज्वल कोपऱ्यावर उभा राहून बघत होता. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने वर्गात त्याच्यापुढे तशीच नोट धरली.

आम्ही सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा उज्ज्वल म्हणाला, "बाबा, कोणी विचारलं तर रिटायर्ड म्हणा."

"कशातून?"

"नुसतं रिटायर्ड."

तीन वर्षं हे नुसते रिटायर्ड होते. सकाळी बिल्डिंगखाली बसायचे, चिनी म्हाताऱ्यांचा सोंगट्यांचा डाव बघायचे, आणि एकही नियम माहीत नसताना चुकीच्या चालीला "च्च" करायचे. म्हातारे ते मनावर घ्यायचे.

मग २०१५ साली नात मैत्रेयी शाळेच्या बँडमध्ये गेली. इथे शाळेत अभ्यासाबाहेरचं काहीतरी एक घ्यावंच लागतं, त्याला सीसीए म्हणतात. तिने ड्रम घेतला. मी उज्ज्वलकडे बघितलं. तो म्हणाला, "आई, हे वेगळं आहे. ही आर्ट आहे." म्हणजे जालन्यात वाजवलं तर बँडवाला आणि इथे वाजवलं तर सीसीए.  सून भावना तेवढी माझ्याकडे बघून हसली.

अडचण अशी झाली की मोठ्या कार्यक्रमाला साइड ड्रम पाचच हवे होते आणि मुली होत्या नऊ. उरलेल्या चौघींनी झांजा घ्यायच्या. झांजा म्हटल्या की पोरीला रडू यायचं. एक दिवस हे बातम्या बघता बघता स्टुलावर दोन्ही हातांच्या बोटांनी न तुटणारी तडतड वाजवत होते. मैत्रेयी खोलीतून पळत आली.

"आजोबा! दॅट इज अ रोल! कोणी शिकवलं तुम्हाला?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी लसूण सोलत होते, सोलतच राहिले. मग ह्यांनी तिला सगळं सांगितलं आणि शपथ घातली.

तीन आठवडे आमच्या स्वयंपाकघरात शिकवणी चालली. उज्ज्वल आणि भावना ऑफिसात असताना, दुपारी, गोधडीची चौघडी करून त्यावर. वरच्या मजल्यावर आवाज गेला नाही. ह्यांची शिकवण्याची पद्धत अशी की मनगट सोडून दुसरं काही हलवायचं नाही, आणि नजर पायांवर ठेवायची.

"कोणाच्या पायांवर?"

"नाचणाऱ्यांच्या. तोंडं हसत असतात, तोंडांवर जाऊ नको. नवरदेवाची मामी दमली की आधी पायांत कळतं. तिथं ताल उतरवायचा. नाहीतर मामी बसते, आणि मामी बसली की वरात बसते."

इथे मामी नव्हती, म्हणून मी भाजी परतता परतता पाय हलवत होते. गुडघ्याचं दुखणं तेव्हापासूनचं.

निवडीच्या दिवशी मैत्रेयी घरी आली आणि दप्तर जमिनीवर टाकलं.

"सर सेड आइज अप. तीन वेळा. मी पाय बघत होते, एव्हरीबडी लाफ्ड. यू टीच मी राँग, लाह!" इथल्या पोरांचं कुठलंही वाक्य 'लाह'वर संपतं.

हे म्हणाले, "बरोबर आहे बेटा." आणि खाली जाऊन बसले. त्या दिवशी चुकीच्या चालीला "च्च" पण केलं नाही म्हणे.

संध्याकाळी शाळेच्या बँडचे शिक्षक, मिस्टर गोह यांचा उज्ज्वलला फोन आला. म्हणाले, निवड अजून पक्की झालेली नाही. पण मुलीचे हात असे कोणी तयार केले, त्या माणसाला भेटायचंय.

उज्ज्वलने फोन ठेवला. "बाबा, मी एकच गोष्ट सांगितली होती."

"झांजा देणार होते रे तिला."

"झांजा तर झांजा! तुम्हाला कळत नाही का, आता ते विचारणार, मला सांगावं लागणार."

"मग मला नको नेऊ. सांग आजोबा आजारी आहेत."

भावना म्हणाली, "आणि मैत्रेयीला काय सांगायचं? आजोबांची लाज वाटते म्हणून तू झांजा वाजव?" त्यावर उज्ज्वलने फोन उचलला आणि मिस्टर गोहना शनिवारी येतो म्हणून सांगितलं.

शनिवारी उज्ज्वल, हे आणि मी शाळेत गेलो. मैदानात तालीम चालू होती. कार्यक्रमाचं नाव 'ओहोटी'. पोरं मैदानभर पसरली, मग एकेक मागे सरकत गेली, आणि ड्रमवाल्या मुली काड्या वर धरून नुसत्या उभ्या राहिल्या. खूप वेळ.

ह्यांनी हळूच विचारलं, "काही बिघडलं का?"

"ती शांतता आहे, बाबा. मुद्दाम ठेवलीय."

"आणि नाचायचं कधी?"

"कोणी नाचत नाही. बसून बघतात."

 वरातीत एवढा वेळ हात थांबले असते तर नवरदेवाने घोड्यावरून उतरून विचारलं असतं.

मिस्टर गोह आले. साठीचे, सुकलेले, गळ्यात शिट्टी. म्हणाले, पूर्वी आम्ही वस्तीतून कूच करायचो, सगळ्यांना ठाऊक असलेली गाणी वाजवायचो, लोक आइस्क्रीम खात मागे यायचे. आता परीक्षक असतात, ते मागे येत नाहीत. उज्ज्वल मराठीत सांगत होता. मग त्यांनी ह्यांना विचारलं, तुम्ही कुठल्या बँडमध्ये होता? पोलीस? आर्मी?

उज्ज्वलने प्रश्न मराठीत सांगितला. आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाबा, पोलीस म्हणू का?"

ह्यांनी त्याच्याकडे बघितलं. "म्हण. तुला बरं वाटत असेल तर म्हण."

मिस्टर गोह वाट बघत होते. मैत्रेयी रांगेतून बघत होती. इथे ऊन म्हणजे काय ते सांगत नाही, माझ्या पदराला घाम पुसून पुसून वास यायला लागला. उज्ज्वलने दोनदा घसा साफ केला.

"वेडिंग बँड," तो म्हणाला. "माय फादर प्लेड इन अ वेडिंग बँड. थर्टी-एट इयर्स."

हे ताठ उभे राहिले. इंग्रजी येत नाही, पण आकडा कळला.

मिस्टर गोहनी विचारलं, एका वेळी किती वाजवायचात?

"पाच तास, सहा तास," हे म्हणाले. "चालत. नवरदेव मागे असला की उलटं चालत."

उज्ज्वलने ते सांगितलं. मिस्टर गोहनी वळून मैदानातल्या पोरांकडे बघितलं. मग म्हणाले, माझा कार्यक्रम अकरा मिनिटांचा आहे आणि परवा तीन मुलं चक्कर येऊन पडली.

त्यांनी एक ड्रम आणून ह्यांच्या गळ्यात अडकवला. ह्यांनी पट्टा दोन भोकं आवळला आणि वाजवला. फार नाही, चहा उकळेल एवढा वेळ. गोधडीशिवाय तो आवाज मी सिंगापुरात आल्यापासून ऐकला नव्हता. रांगेतल्या पोरी आपापल्या मनगटांकडे बघायला लागल्या. मिस्टर गोहनी मैत्रेयीला पाचवी जागा दिली, आणि परत खाली बघितलंस तर झांजा, हेही सांगितलं.

मैत्रेयी मैत्रिणींबरोबर पुढे गेली, आम्ही तिघांनी घरी यायला एलआरटी घेतली. ती छोटी गाडी सेंगकांगभर गोल फिरते आणि निघाली तिथेच परत येते. उज्ज्वल खिडकीबाहेर बघत होता. दोन स्टेशनं गेल्यावर म्हणाला, "उलटं चालताना कधी पडला नाहीत?"

"एकदा पडलो. अंबडला. गटारात."

"मग?"

"मग काय, ड्रम वर धरला होता. गटारातून वाजवलं. लोकांना वाटलं, तसंच असतं."

उज्ज्वल हसला. समोरची बाई दचकली. मग त्याने विचारलं, पुढे कोण चालायचं, क्लॅरिनेटवाले किती होते, पावसात ड्रमचं काय करायचे. हे एकेक सांगत गेले. आमचं स्टेशन आलं, दार उघडलं, दार बंद झालं. मला दिसलं, मी बोलले नाही.

भावनाचा फोन आला. "आई, कुठे आहात? जेवण थंड होतंय."

म्हटलं, "तुम्ही दोघी जेवून घ्या. आम्ही अजून अंबडलाच आहोत."