लुडमिलाबाईंची नवमी

मी एका जिवंत बाईचं श्राद्ध घातलंय. आणि तिनं ते दोनदा वाढून घेतलं.

हसू नका, आधी ऐका. मी सातवी नापास माणूस. नाशकात गॅरेजमध्ये पाने फिरवण्यात जन्म गेला. मुलगा सुनील तेवढा इंजिनियर झाला आणि आम्हा दोघांना ब्रिस्टलला घेऊन आला. तिथंच कुसुम गेली. जाता जाता बजावून गेली, "अहो, मी सवाष्ण चाललेय. पितृपक्षात माझ्या नवमीला एक तरी सवाष्ण पोटभर जेवली पाहिजे. बापलेक मिळून माझं पान संपवू नका!" (आम्हाला ओळखून होती.)

पहिल्या नवमीला सवाष्ण मिळाली नाही. पान आम्हीच संपवलं. पुढं आठवडाभर मी तिच्या फोटोकडे पाठ करून चहा प्यायलो.

दुसऱ्या वर्षी ठरवलं, काही झालं तरी सवाष्ण आणायचीच. सून नेमकी माहेरी, सुनील ऑफिसच्या कामाला ग्लासगोत. फोन फिरवले. एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, शनिवारी माझी डबल शिफ्ट आहे." दुसरी म्हणाली, "काका, मी सध्या कार्ब्ज घेत नाही."

"अगं, श्राद्धाच्या वड्यात कसले आलेत कार्ब्ज?"

"तेच तर असतात काका!"

झालं. सवाष्ण संपल्या.

आता मिलनकडे वळू. हा आमच्या मागच्या खोलीतला भाडेकरू. चेक देशातला सुतार. त्या दिवसांत तिकडची पोरं नुकतीच ब्रिस्टलमध्ये कामाला यायला लागली होती. माझं इंग्रजी आणि त्याचं इंग्रजी, दोन्ही एकाच उकिरड्यावरची, त्यामुळे आमचं जमायचं. त्याच्या भिंतीवर त्याच्या देशाचं कॅलेंडर होतं, रोजच्या तारखेखाली एक नाव छापलेलं. आणि सोळा सप्टेंबरला, म्हणजे आमच्या नवमीलाच, लाल पेनानं गोल!

मी विचारलं, "मिलन, हे काय?"

"लुडमिला. माय मदर." त्यानं सुस्कारा सोडला. "आय मिस हर, अंकल."

मग त्यानं नावाचा अर्थ सांगितला. लुड म्हणजे लोक, मिला म्हणजे लाडकी, लोकांची लाडकी. पूर्वी म्हणे गल्लीत हाक मारली की चार लुडमिला खिडकीत यायच्या, आता पोरींना हे नाव कुणी ठेवत नाही. (आमच्या कुसुमसारखंच की!) आणि मग हळूच म्हणाला, "लुडमिला, व्हेरी गुड वुमन. बट डॉटर-इन-लॉ..." आणि गळ्याभोवती रुमाल आवळून दाखवला. "फिनिश!"

मी हातातला कप खाली ठेवला. सुनेनं? रुमालानं? आणि हा बिचारा दिवसा लोकांच्या घरांची दारं बसवतोय!

शंका घ्यायला जागाच नव्हती हो. आपल्याकडे कॅलेंडरवर जिवंत माणसाचं नाव कोण लिहितं? जिवंतांसाठी आपण लिहितो ते दूध आणि गॅस!

मनात म्हटलं, पोराला इथं कुणी नाही. कुसुमचं पान वाढतोयच, शेजारी त्याच्या आईचंही वाढू. शनिवारी तो सकाळीच कोट घालून बाहेर पडला. चर्चला गेला असेल बिचारा. मी त्याच्या खोलीतून लुडमिलाबाईंचा फोटो आणला, कुसुमच्या फोटोशेजारी ठेवला, दोघींना हार घातले, निरांजन लावलं. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. मागच्या शेडवर दोन घास ठेवले. कावळा कुठला! एक सीगल आला, दोन्ही घास गिळून तिसऱ्यासाठी ओरडायला लागला. म्हटलं, दोघी तृप्त झाल्या!

तेवढ्यात दार उघडलं. आधी मिलन आला. मागून एक टक्कलवाला म्हातारा. आणि त्याच्यामागून, हातात फुलं घेऊन, फोटोतली बाई!

मी हात जोडले. तोंडातून एवढंच निघालं, "बाई, घास पोचला ना हो?"

लुडमिलाबाईंनी आपला फोटो पाहिला. हार पाहिला, दिवा पाहिला, भरलेलं पान पाहिलं. आणि ओक्साबोक्शी रडायला लागल्या. मग वळून नवऱ्याला ठणठणीत आवाजात काहीतरी सुनावलं.

"अंकल, आई विचारते," मिलन म्हणाला, "चाळीस वर्षांत तिच्या नावाच्या दिवसाला बाबांनी फक्त चॉकलेट दिलं. तुम्ही तिला कधी न बघता एवढं केलंत?"

"नावाचा दिवस? मेल्याचा नव्हे?"

"नाही नाही! आमच्याकडे प्रत्येक नावाचा एक सण असतो. म्हणून तर सरप्राइज तिकीट काढून बोलावलं!"

"मग ती रुमालवाली सून?"

"ती संत लुडमिलाची, अंकल! हजार वर्षं झाली!"

मी काय केलं ते मिलनला कानात सांगितलं. तो जिन्यावर बसून इतका हसला की म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीत दोन गुद्दे घातले.

पण माझं लक्ष बाईंच्या बोटातल्या अंगठीवर होतं. नवरा जिवंत, शेजारी उभा, चांगला लालबुंद. म्हणजे सवाष्ण! मी लगेच त्यांना कुसुमच्या पानावर बसवलं. करंडा पुढं केला, तर त्यांनी कुंकू दोन्ही गालांना चोपडलं. वडे सात खाल्ले. खीर वाटीला तोंड लावून प्यायल्या. मग स्वतःच्या नावाचं पान पुढं ओढलं आणि तेही संपवलं. मी ओटी भरली तेव्हा पुन्हा रडल्या. मीही. वर पाहिलं, तर कुसुम वर्षभरानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत होती.

हारासकट तो फोटो बाई घेऊन गेल्या. दिवाणखान्यात लावलाय म्हणे. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात.

परवा मिलन म्हणाला, "अंकल, तुमच्या नावाचा दिवस कधी? तुमचंही असंच करू. फोटो, हार, वडे!"

म्हटलं, "करा की. फोटो सुनीलनं काढून ठेवलाय, हार कपाटात आहे, वडे तुला यायला लागलेत. फक्त तारीख तेवढी कॅलेंडरवाल्यानं अजून छापली नाही!"