थोरल्या भावाची दृष्ट

सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई पेटली आणि इकडे वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं, त्या वर्षांतली ही गोष्ट. आमचं गाव बार्शीटाकळीजवळ, जमीन काळी, घर कुणब्याचं. अकोल्याच्या बाजारात गाडी शिरायच्या आत गिऱ्हाईक बैलांच्या शिंगांना हात घालायचं. दोन हंगामांत आम्ही गावातले बडे झालो. मी तेव्हा तिशीचा, थोरला भाऊ चाळिशीचा. कष्ट त्याचे आणि शहाणपण माझं, अशी वाटणी मीच करून घेतली होती.

त्याआधी आमच्याकडे सावड चालायची. आज आम्ही शेजाऱ्याच्या वावरात निंदायला, उद्या तो आमच्या. भावाची आणि त्याची वीस वर्षांची सावड. दुपारी बाभळीखाली दोघं एकाच फडक्यातली भाकर खायचे आणि एकमेकांच्या बैलांची टिंगल करायचे. पैसा आला तसे आम्ही मजूर लावले. आता लोकांच्या वावरात कशाला वाकायचं, असं मीच म्हणालो. मग मी ओसरीपुढे पुरुषभर उंच भिंत घातली आणि तिला दार बसवलं. जाता-येता माणसं ओसरीवर टेकायची, तंबाखू मळायची, ते बंद झालं. मला तर ते बरंच वाटलं.

वर्षभरात भावाचं अन्न तुटलं. घास हातातच राहायचा. छातीत धडधडतं म्हणायचा, भर उन्हात पाय गार पडायचे. भरल्या पोत्याला एकट्यानं पाठ देणारा माणूस उठताना खांब धरू लागला.

आईनं मीठ, मोहऱ्या आणि सात मिरच्या त्याच्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. ठसका आला नाही. मिरच्या जळूनही ठसका नाही म्हणजे दृष्ट पक्की, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आई माझ्याकडे बघत राहिली आणि मी मनातून हादरलो. गावातला एकेक चेहरा आठवून पाहिला, तर प्रत्येकात मला हेवाच दिसला. त्या दिवसापासून दाराला अडसर लागला. भावानं परक्याच्या नजरेपुढे यायचं नाही, आणि जेवताना तर घरच्यांच्याही नाही. मी धोतराचा आडपडदा बांधला. ताट आत सरकवायचं आणि बाजूला व्हायचं, असा दंडक घातला.

शेवटी त्याला गाडीत घालून अकोल्याच्या वैद्याकडे नेलं. वैद्य बराच वेळ नाडी धरून बसला. मग त्यानं मला विचारलं, “हा जेवतो कोणाबरोबर?” प्रश्न ऐकून मला रागच आला. मी दृष्टीचं सांगितलं. त्यानं पुड्या दिल्या, पण या पुड्यांवर विसंबू नका, याच्याजवळ चार माणसं बसू द्या, असं बजावलं. गाडी गावाच्या वेशीला लागेपर्यंत मी त्याला अडाणी ठरवून मोकळा झालो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं आईला हसून सांगितलं. म्हण खोटी नव्हती. ती मलाच लागू होती, एवढंच कळलं नाही.

त्या पावसाळ्यात शेजारी तीनदा आला. पहिल्यांदा रिकाम्या हातानं, दुसऱ्यांदा आपल्या वावरातली वाळकं घेऊन. तिसऱ्यांदा दाराबाहेर बराच वेळ उकिडवा बसला. तिन्ही वेळा मी भाऊ झोपलाय म्हणून सांगितलं. वाळकं मी गोठ्यात टाकली, नजरेची वस्तू घरात नको म्हणून.

रोज संध्याकाळी भाऊ विचारायचा, “कोनी आलतं काय रे?”

“कोनी नाई, दादा.”

खरं सांगितलं तर तो शेजाऱ्याला बोलाव म्हणेल आणि मला नाही म्हणवणार नाही, हीच धास्ती. एकदा त्यानं शेजाऱ्याचंच विचारलं. तरी माझं उत्तर तेच. पुढे तो दाराकडे पाठ करून निजू लागला आणि त्याचं विचारणं थांबलं. मूर्ख मी, मला वाटलं दृष्ट उतरली.

दसरा आठ दिवसांवर होता. सकाळी त्यानं मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

“मी लोकायचं काय वाईट केलं रे बाप्पा?”

तुझा सावडीचा गडी तीनदा येऊन गेला, एवढं सांगायला एक श्वास पुरला असता. पण ते सांगताच आधीच्या साऱ्या संध्याकाळी मी खोटा ठरलो असतो. आजारी भावापुढे मला माझी लाज मोठी वाटली. मी त्याला पाणी पाजलं. दुपारी तो गेला.

मसणवटीत शेजारी माझ्या बाजूला उभा होता. चिता पेटल्यावर त्यानं हळूच विचारलं, “माही याद केली काय त्यानं?”

हो म्हणालो असतो, तर मग मला आत का नाही सोडलं, हा पुढचा सवाल ठरलेलाच होता.

“नाई,” मी म्हणालो.

तो तिथंच मातीत बसला, आणि परत निघताना त्याला उठवायला दोघांना हात द्यावा लागला.