सोन्याच्या गावातला जास्तीचा पंप

काळजी करण्याजोगं एकही कारण या जगात उरलं नसतं, तर आता काळजी कशाची करायची या काळजीने आमच्या सासऱ्यांची झोप उडाली असती. नाशिकजवळ एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांनी तीस वर्षं पंप सांभाळले. तिथे चालू पंपाशेजारी एक जास्तीचा पंप तयार उभा असतो, त्याला स्टँडबाय म्हणतात. निवृत्त होताना ही शिस्त साहेबांकडे जमा न करता ते घरी घेऊन आले. दोन मनगटांवर दोन घड्याळं. चष्मे तीन, कारण पहिले दोन शोधायला तिसरा लागायचा. माझ्या लग्नात तर त्यांनी दोन भटजी सांगून ठेवले होते. दोघंही वेळेवर हजर झाले आणि मंगलाष्टकं कुणी म्हणायची यावरून त्यांची अशी जुंपली, की अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले. मुहूर्त टळला. "पण भटजीवाचून अडलं का?" असं सासरे वर मलाच विचारत होते.

त्यांची धाकटी मुलगी, म्हणजे माझी मेहुणी शुभा, लग्नानंतर ऑस्ट्रेलियात गेली. माझे साडू खाणीत इंजिनियर. गाव कसलं, तर शंभरेक वर्षांपूर्वी सोनं सापडलं म्हणून वाळवंटाच्या काठावर वसलेलं. दोन हजार चारच्या सुमारास तिला दिवस गेल्याचा फोन आला आणि सासऱ्यांनी दोन्ही घड्याळं काढून पुन्हा घातली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज; पण सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. "मी आहे ना अजून," असं म्हणत त्यांनी शुभाला नाशिकला आणायचं ठरवलं. ती फोनवर नको-नको म्हणत होती, आणि पोट जास्त पुढे आलं की विमानात घेत नाहीत असं कुणीतरी त्यांच्या कानात घालून ठेवलं होतं. तेव्हा स्वतःच निघाले. "वाटेत मला काही झालं, तर पुढे जाऊन तिला कोण आणणार?" असं म्हणून त्यांनी मला सातपूरच्या कारखान्यातून रजा काढायला लावली. म्हणजे समुद्र ओलांडला तो मी स्टँडबाय म्हणून.

गाव पाहून खरं तर मीही धसकलो. लाल माती, नको इतका रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी सज्ज्यांच्या जुन्या इमारती, आणि नजर पोचेल तिथवर ना नदी, ना ओढा, ना विहीर. सगळा जन्म गोदावरीकाठी काढलेल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "इथे पाणी किती वाजता येतं?"

"चोवीस तास येतं, बाबा."

"आज येतंय. उद्याचं काय?"

शुभा तपासणीला दवाखान्यात गेली तेवढ्यात त्यांनी नाशिकच्या सवयीने घरातलं मिळेल ते भरून ठेवलं: बादल्या, पातेली, कुकर, शेवटी आंघोळीचा टब. इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळं पाणी त्यांच्या लेखी शिळं झालं. त्यांनी ते बादली-बादलीने अंगणात ओतून दिलं आणि ताजं भरायला घेतलं. त्या गावात बागेला पाणी घालायचेसुद्धा वार ठरलेले होते. शेजारच्या आजीबाई कुंपणाशी येऊन अंगणातला तो लाल ओहोळ आ वासून बघत राहिल्या. सासऱ्यांना वाटलं, बाईंच्या नळाला पाणी आलेलं नाही. त्यांनी अगत्याने भरलेली बादली कुंपणावरून पुढे केली. मी हसलो, शुभा हसली नाही. "मी इथे नीट राहतेय, बाबा. राहू द्या ना मला," एवढं बोलून ती आत गेली.

रविवारी साडू आम्हाला गाव दाखवायला निघाले. आधी खाण. सगळी पंचवटी आत उतरवली तरी वर जागा उरेल एवढा तो खड्डा, तळाशी ट्रक आगपेटीएवढे. सासरे एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने माझा शर्ट धरून उभे होते. मग सोनं संपल्यावर ओस पडलेली एक वस्ती आणि तिचं जुनं कब्रस्तान. साडू भोळे, त्यांनी सांगून टाकलं, की सुरुवातीला इथे चांगलं पाणीच नव्हतं, विषमज्वराने खूप माणसं गेली. सासरे एका लहानशा दगडापाशी थांबले. त्यावर वय महिन्यांत लिहिलं होतं.

"शुभे, घरी गेल्यावर बॅग भर."

"मी येणार नाही, बाबा."

"उद्या वर गेल्यावर तुझ्या आईने विचारलं तर काय सांगू मी तिला?"

"आई असती तर मी न बोलावता आले असते," शुभा म्हणाली. "आता तिथे आई नाही. इथे निदान ह्यांच्याजवळ तरी राहते."

परत निघालो तेव्हा गाडीत शुभा एका खिडकीबाहेर बघत होती आणि सासरे दुसऱ्या. मला भीती वाटत होती, की ही माणसं आता एकमेकांना कायमची दुखावणार. रस्त्याच्या कडेने एक भलामोठा नळ जमिनीवरून आमच्याबरोबर येत होता. विषय बदलावा म्हणून साडू म्हणाले, "गावाचं पाणी यातून येतं. शेकडो किलोमीटरवर धरण आहे. शंभर वर्षं येतंय."

सासरे ताठ झाले. "पंप कुठे आहेत?"

अर्ध्या तासाने पंपघर आलं. गाडी पुरती थांबायच्या आत सासरे उतरले आणि कुंपणाआडच्या कामगाराला एकलहऱ्याच्या इंग्रजीत विचारू लागले. किती चालू? वीज गेली तर काय? नळ फुटला तर गावाला साठा किती दिवसांचा? तो आधी बिचकला, मग खुलला. शेवटी, जास्तीचे पंप किती, यावर त्याने दोन बोटं वर केली. सासऱ्यांनी रुमाल काढून डोळे पुसले, मग चष्मा पुसला.

"एक चालू, दोन स्टँडबाय," ते शुभाला म्हणाले. "पाण्याची काळजी नको."

सुटलो, असं मला वाटलं. पण घरी पोचल्यावर त्यांनी माझ्या हातात माझं एकट्याचं तिकीट ठेवलं. "तुम्ही निघा, जावईबापू. मी थांबतो."

"बाळंतपणात तुम्ही काय करणार, बाबा?" शुभाने विचारलं.

"काही नाही. पंप नीट चालू असला की स्टँडबायला काय काम असतं? तयार उभं राहायचं."

शुभा त्यांच्या गळ्यात पडून रडली. मीही तोंड फिरवून उगाच बॅगेची चेन लावत बसलो.

मुलगा झाला, दोघं सुखरूप. सासरे चार महिन्यांनी परतले ते बाळाच्या प्रत्येक फोटोच्या दोन-दोन प्रती घेऊन. त्यातली एक त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिली. आता त्यांना जाऊनही काही वर्षं झाली. एका सकाळी नळाला पाणी यायच्या आधीच गेले. शिळं पाणी ओतून रांगेने लावलेल्या बादल्या रिकाम्याच होत्या.

शुभाच्या मुलाला जरा ताप आला, की तिचा मला फोन येतो. "घाबरण्यासारखं काही नाही, भाऊजी. डॉक्टर आहेत इथे," ती म्हणते. "पूर्वी बाबांना करायचे ना, म्हणून केला." मी तिला धीर देतो, फोन ठेवतो आणि मग दिवसभर कारखान्यात मशीनपाशी उभा राहून काळजी करतो. त्या प्रवासात त्यांनी मला कशाला बरोबर नेलं होतं, ते मला आता कळतं.