सतराव्या दिवशी थांबलेले युद्ध

वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताबरोबर चालत होता त्या काळी, एका चातुर्मासात, धाड येथे कौरव-पांडवांचे युद्ध सतराव्या दिवशी थांबले. कारण मी होतो.

गावात पोथी वाचत ते पोथीआबा. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. मळ्यात वांगी आणि कांदा करत. दुपारी मारुतीच्या देवळात वाचायला बसत. देव आणि वीर त्यांच्या बोलण्यात शेजाऱ्यांसारखे येत. भीमाबद्दल म्हणत, "त्याले दोन भाकरी जास्त वाढा, कामाचा गडी हाय." अर्जुनाचे त्यांना फारसे कौतुक नव्हते. "देव सारथी असला तं कोणीबी जिंकते बे."

दर वर्षी पोथीत कर्ण पडला की आबा विहिरीवर आंघोळ करत आणि तीन दिवस सुतक पाळत. त्या तीन दिवसांत पोथीला शिवत नसत.

मी तेव्हा अमरावतीच्या एका साप्ताहिकात उमेदवारी करत होतो. धोतरावर कोट घालत असे आणि खिशात पेन्सिल ठेवत असे, टोक लोकांना दिसेल अशी. सुट्टीत गावी आलो आणि आबांच्या सुतकावर सहा ओळी पाठवल्या. मथळाही मीच दिला: ‘काल्पनिक योद्ध्याचे खरे सुतक’. अंक आला, तो मीच देवळात नेला आणि मोठ्याने वाचून दाखवला. कोणी हसले नाही. आबांनी पोथी रुमालात बांधली आणि ते मळ्यात निघून गेले. कर्ण तेव्हा रथावर उभा होता.

कृष्णाच्या शिष्टाईला जे जमले नाही, ते माझ्या सहा ओळींनी केले.

कार्तिकी एकादशीला आठ दिवस उरले होते. तोवर पोथीची समाप्ती झाली नाही तर गावाला अशुभ, असे सगळेच मानत. आईने बोलणे टाकले. शेजारच्या सरूकाकू वाटेत आडव्या आल्या. "काऊन रे पेपरवाल्या, कर्णाले आता वर्षभर हुबाच ठेवतं का? पाय दुखत असतीन त्याचे."

मी मळ्यात गेलो. आबा वांग्यांना पाणी देत होते. माफी मागायला गेलो होतो, पण तोंडातून वाद निघाला.

"आबा, आपण ज्याले पायलंच नाही, त्याचं सुतक कसं?"

"तुह्या पेपरात मेलेल्याइच्या बातम्या येतात. त्यातले तू किती पायले बे?"

चूक झाली, असे मी म्हणालो.

"लिवलं त्याचं काही नाही. पण सुतक काऊन धरतो, हे तू मले इचारलंच नाही."

मी पेन्सिल काढली आणि विचारले.

"तो जिता होता तवर मायनं चारचौघात कधी म्हटलं नाही, हा माहा पोरगा. तो पडला तवा सख्ख्या भावाइनं शंख वाजवले. त्याइले ठाऊकच नव्हतं. मंग सुतक कोणं धराव?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी देवळात उभा राहिलो आणि आबांचे म्हणणे, दुरुस्ती म्हणून लिहिलेले, वाचून दाखवले. आबांनी मध्येच हात वर केला.

"योद्धा काऊन लिवलं? नाव नाही का त्याले?"

मी शब्द खोडला आणि नाव लिहिले. ती दुरुस्ती साप्ताहिकाने कधीच छापली नाही.

आबांनी रुमालाची गाठ सोडली. तिसऱ्या प्रहरी कर्ण पडला.