रिव्हेटांची ओळ

माधवच्या खिडकीशी, टेबलावर, एका जुन्या आगबोटीचं हातभर लांब मॉडेल आकार घेतंय. तिच्या लोखंडी पत्र्यांसाठी ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या कापायच्या आणि मागून बोथट सुईने टिंबं दाबायची, की पुढच्या बाजूला पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांची डोकी उठून दिसतात. सहा वर्षं हे काम माझं होतं. माझा हात थरथरू लागला, तेव्हापासून माधवची सून नेहा ते करते.

काल गेलो तेव्हा तो तिला सांगत होता, "हात हलका ठेव. घाई नको." अगदी याच शब्दांत तो मला सांगायचा. म्हातारपणी माणूस खुर्ची सोडतो, किल्ल्या सोडतो. मित्राच्या शेजारची जागा मात्र सोडवत नाही.

नेहाने नवी पट्टी माझ्यापुढे धरली. "काका, बघा ना, जमलंय का?"

एखादं टिंब तरी फाटलं असेल, ओळ कुठेतरी वाकली असेल, या आशेने मी बोट फिरवलं. एकही चूक नव्हती.

"कसं आहे?" माधवने विचारलं.

"थांब जरा," मी म्हणालो, आणि पुन्हा पहिल्या रिव्हेटपासून बोट फिरवू लागलो.